बावीस सेकंदांचं पाणी

"आलं!" चौगुले मामांनी हाळी दिली आणि व्हॉल्व्हचा दांडा खाली ओढला. गटाराकडे जाणारी धार थांबली, पाइपातला प्रवाह टाकीकडे वळला.

माझ्या यंत्राचा पेन मात्र कागदाच्या तळाशीच सरकत होता. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मी सेकंद मोजू लागले. दहा. पंधरा. वीस. बाविसाव्या सेकंदाला पेनाने मान उचलली, तो थरथरत वर चढला आणि वरच्या रेघेवर जाऊन स्थिर झाला.

"तुझं यंत्र अजून झोपंत हाय, पोरी," मामा म्हणाले. "त्याला जरा च्या पाज."

टँकर लागायच्या धक्क्यावरची माणसं हसली. मीही हसले आणि कागदावर बावीस लिहिलं. सलग चौथा दिवस होता हा.

शहाऐंशी सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. पुण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेने मला कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या दूध संघात दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं. सोबत लाकडी खोक्यात माझं यंत्र. काम सांगायला सोपं होतं. डेअरीतले पाइप रोज धुतात, त्यामुळे सकाळी पहिला टँकर रिकामा करायला घेतला की आधी पाइपातलं पाणी येतं, मग पाणी आणि दुधाचं मिश्रण, मग नुसतं दूध. पाणी गटारात सोडायचं आणि दूध आलं की प्रवाह टाकीकडे वळवायचा. लवकर वळवला तर टाकीत पाणी जातं, उशिरा वळवला तर गटारात दूध. ही वेळ मामा ठरवायचे. पाइपाचा वीतभर तुकडा काचेचा होता, त्याच्याकडे डोळे लावून उभे राहायचे.

त्याच काचेभोवती मी तांब्याच्या तारेची गुंडाळी बसवली होती. तिच्यातून रेडिओसारखी लहर सोडायची. आतून पाणी वाहत असलं तर लहर एका तऱ्हेने दबते, दूध असलं तर दुसऱ्या. मधल्या मिश्रणात पाण्याचा वाटा किती, तेही पेन कागदावर काढून दाखवायचा. दुधाला काहीही शिवत नव्हतं, याचा मला फार अभिमान होता.

राहायची सोय मॅनेजर इंगवले साहेबांनी मामांच्याच घरी केली होती. पुढची खोली माझी. मामी पहाटे उठून भाकरी थापायच्या. त्यांच्या हातच्या खर्ड्याने पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्यांनी काही न बोलता ताटात लोण्याचा गोळा ठेवला. मामा सव्वीस वर्षं दुधात वावरले होते, पण चहा कोरा प्यायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "दिसभर तेच बघायचं आणि घरीबी तेच?" संध्याकाळी मी त्या दिवसाचा कागद ओट्यावर पसरायची आणि ते शेजारी बसून विचारायचे, "हितं काय झालं? आणि ही वाकडी रेघ कशाची?" त्यांना सगळं समजून घ्यायचं असे. माझ्या यंत्राने त्यांचं काम जाईल ही भीती मला त्यांच्यात कधी दिसली नाही. एकदा म्हणाले, "मी दोन वर्सांनी रिटायर हुणार. माझ्या जागी कोण तरी लागंलच की. तुझं हे खोकं लागलं तर बरंच हाय, ते तंबाखू खात न्हाई."

फक्त ते बावीस सेकंद जुळत नव्हते.

पुण्याला ट्रंक कॉल लावला. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, यंत्र सुस्त असणार, आतला कपॅसिटर बदल. बदलला. तारा पुन्हा जोडल्या. गुंडाळी उतरवून नवी बांधली. दुसऱ्या दिवशी एकवीस सेकंद. तिसऱ्या दिवशी चोवीस.

मग मी सगळे कागद पहिल्या दिवसापासून जमिनीवर मांडले. पहिल्या दोन दिवशी मामांची हाळी आणि पेनाची उडी सेकंदाला सेकंद जुळली होती. ते दोन दिवस कसे होते ते आठवलं. आभाळ भरून होतं. तिसऱ्या दिवसापासून लख्ख ऊन पडायला लागलं होतं आणि सकाळी साडेसातचं ते ऊन डेअरीच्या पूर्वेच्या खिडकीतून थेट त्या काचेवर यायचं.

सोमवारी मी गुंडाळीच्या शेजारच्या छोट्या नळाखाली काचेचा पेला धरून उभी राहिले. मामांनी "आलं!" म्हटलं, त्याच क्षणी नळ सोडला. पेल्यात आरपार स्वच्छ पाणी आलं. पलीकडे दांडा ओढणाऱ्या मामांची बोटं त्यातून दिसत होती. पेला मी पटकन खाली ओतून टाकला. त्यांचं लक्ष नव्हतं.

यंत्र सुस्त नव्हतं. मामांना पाणी पांढरं दिसत होतं.

सेकंदाला पावणेतीन लिटर, म्हणजे बावीस सेकंदांत साठ लिटर पाणी रोज पहिल्या टँकरच्या दुधात जात होतं. आणि पहिला टँकर असायचा खडकेवाडीचा.

खडकेवाडीची दूध संस्था बायकांनी चालवलेली होती. तालुक्यातली तशी एकुलती एक. गावात छोटं शीतकेंद्र होतं, तिथून पंधराशे लिटरचा टँकर रोज यायचा. टँकरात साय वर तरंगते, म्हणून तपासणीचा नमुना दूध टाकीत उतरवून, ढवळून मग घेत. तीन आठवडे त्यांचं दूध पातळ ठरत होतं. मी तपासणीची वही उघडून पाहिली. मधल्या दोनच दिवशी दूध चांगलं होतं. तेच दोन, आभाळ भरून आलेले.

आता मी काय करायला हवं होतं ते आज बासष्टाव्या वर्षी सांगणं सोपं आहे. कागद घेऊन इंगवले साहेबांच्या खोलीत जायला हवं होतं, दहा पावलांवर तर होती. मी कागद फाडून घेतले, घडी केली आणि माझ्या ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवले. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "यंत्र अजून बसलेलं नाही सर, आकडे धरण्यासारखे नाहीत."

मामांना सांगायची हिंमत होत नव्हती. सव्वीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर डेअरीची सकाळ सुरू होत होती, त्याला मी, कालची आलेली मुलगी, काय सांगणार? दोन वर्षांनी ते निवृत्त होणारच आहेत. तोवर उन्हाची तिरीप काचेवरून सरकेल, काहीतरी होईल, असं स्वतःला समजावत राहिले.

बुधवारी सोनाताई मगदूम आल्या. खडकेवाडीच्या संस्थेच्या अध्यक्ष. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, बोलणं मोकळं. पण त्या दिवशी इंगवले साहेबांपुढे उभ्या होत्या त्या अंग चोरून.

"साहेब, आम्ही बंदोबस्त केलाय," त्या म्हणाल्या. "एका बाईचं दूध कालपास्नं बंद केलं. शेवंता कांबळे म्हणून हाय, खालच्या वस्तीवरची."

"तिला पाणी घालताना धरलं का तुम्ही?"

"धरलं न्हाई." सोनाताईंनी पदर सारखा केला. "पण सगळ्या बायका म्हणाल्या, तिच्याकडनंच असणार. तसंही तिचं दूध आपल्या दुधात नको म्हणणाऱ्या चार जणी पहिल्यापास्नं हायेतच. मी आजवर ऐकलं न्हवतं त्यांचं."

साहेब म्हणाले, "बघू. शुक्रवारी कमिटीपुढे विषय आहे. तोवर दूध सुधारलं नाही तर शनिवारपासून टँकर पाठवू नका."

मी तिथेच, कपाटाशी, तपासणीची वही हातात घेऊन उभी होते. तोंड उघडलं नाही.

गुरुवारीही दूध पातळच ठरलं. ठरणारच होतं.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. मामी आत चूल पेटवत होत्या. मामा शेजारी येऊन टेकले.

"चार दिस झालं," ते म्हणाले, "तू कागद पसरत न्हाईस माझ्याम्होरं."

"यंत्र बिघडलंय, मामा."

"बिघडल्यालं यंत्र तू चार दिस हात न लावता ठेवशील व्हय? पैल्यांदा बिघडलं तवा जेवली न्हवतीस." ते थांबले. "माझ्याबद्दल काय हाय का त्यात?"

मला खोटं बोलता आलं नाही. खरंही बोलता आलं नाही. मी रडायला लागले. तेवढ्यावरून त्यांना जे कळायचं ते कळलं असावं. ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "सकाळी लवकर चल माझ्यासंगं. टँकर यायच्या आत."

सकाळी सव्वासातला आम्ही दोघंच काचेपाशी होतो. उन्हाची तिरीप खिडकीतून आत आली होती. मामांनी पंप सुरू केला. पाइपातून नुसतं पाणी वाहायला लागलं. ते रोजच्या जागी, रोजच्यासारखे उभे राहिले.

"मला पांढरं दिसतंय," ते म्हणाले.

मी पेनाकडे बघितलं. तो तळाशीच होता.

त्यांनी उजवा हात वर करून काचेवरचं ऊन अडवलं. वाकून पाहिलं. हात काढला. पुन्हा धरला. असं तीन-चारदा केलं.

"हात धरला की पाणी दिसतंय. काढला की दूध." त्यांचा आवाज अगदी साधा होता, एखादा नट सैल झालाय असं सांगावं तसा. "गेल्या दिवाळीपास्नं दिव्याभोवती रिंगण दिसतंय मला. मोतीबिंदू असणार. मिरजेला जायला भ्यालो. म्हनलं, दोन वर्सं निघतील." मग माझ्याकडे वळले. "रोज किती पाणी गेलं?"

"साठ लिटर. कधी थोडं जास्त."

"आणि तुला सोमवारपास्नं ठावं हाय."

"तुमचं नाव जाईल म्हणून मी..."

"माझं नाव!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आगं, त्या बायकांचं नाव कुठं गेलं? त्या शेवंताचं? माझी अब्रू झाकायला तू त्यांच्या अंगावर चिखल टाकलास, पोरी. आणि मला विचारलंबी न्हाईस."

त्यांनी यापूर्वी मला कधी शब्दाने दुखावलं नव्हतं. ते बोलणं आजही कानात जसंच्या तसं आहे.

खडकेवाडीचा टँकर दारात आला. मामा व्हॉल्व्हपाशी जाऊन उभे राहिले, पण काचेकडे पाठ करून. "आज तू सांग," म्हणाले.

मी पेनाकडे बघत होते. पेन वर चढला, वरच्या रेघेला टेकला.

"आलं," मी म्हणाले. मामांनी दांडा ओढला.

तासाभराने तपासणीतून निकाल आला. तीन आठवड्यांनी, लख्ख उन्हात, खडकेवाडीचं दूध उत्तम ठरलं होतं.

अकराला कमिटी बसली. संघाचे अध्यक्ष, तीन संचालक, इंगवले साहेब, आणि दाराजवळच्या खुर्चीवर सोनाताई. मामा आणि मी न बोलावता आत गेलो. मामांनी टोपी काढून हातात घेतली आणि सगळं सांगितलं. ऊन, काच, साठ लिटर, आजचा निकाल. मी टेबलावर कागद पसरले.

इंगवले साहेबांनी एकेक कागद उचलून तारीख पाहिली. मग माझ्याकडे बघितलं. "गद्रे मॅडम, तुम्ही तर म्हणालात आकडे धरण्यासारखे नाहीत. हे कागद आजपर्यंत कुठे होते?"

मी उत्तर द्यायच्या आत मामा म्हणाले, "म्याच तिला म्हनलं हुतं, दावू नको. दमच दिला हुता. लहान हाय ती, भ्याली."

सकाळी खरं बोलायला निघालेला तो माणूस माझ्यासाठी सरळ खोटं बोलत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. नोकरी लागून सहा महिने झाले होते. पुण्याच्या साहेबांपर्यंत गोष्ट गेली तर ती राहणार नाही, हे मला दिसत होतं.

"नाही सर," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "मामांना काल संध्याकाळपर्यंत काही माहीत नव्हतं. मला सोमवारी कळलं. कागद मी लपवले. बुधवारी सोनाताई बोलत होत्या तेव्हा मी तिथेच होते. तेव्हाही मी बोलले नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोपी डोक्यावर चढवली.

मला वाटलं, सोनाताई आता माझी सालटी काढतील. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. पण त्या उठल्या आणि म्हणाल्या, "रिकामा टँकर परत निघालाय का? मला आत्ता गावाकडं जायचंय." दाराशी थांबून आमच्याकडे वळल्या. "तुम्ही दोघं येता का संगं? एकटीनं तिच्या दारात जायला माझा पाय उचलणार न्हाई."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. मामांचं जानेवारीत मिरजेला ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं, एकामागून एक. व्हॉल्व्हवरून त्यांना काढलं, पण डेअरीतून नाही. नव्या माणसाला शिकवायला ठेवलं. माझी नोकरी गेली नाही. साहेबांनी पुण्याला बोलावून तासभर झापलं आणि पुन्हा तिकडेच पाठवलं. यंत्राला घंटा जोडून ते तिथे कायमचं बसवलं. आता मामा नाहीत, मामीही नाहीत. तेल असो, औषध असो की उसाचा रस, वाहणाऱ्या मिश्रणात काय किती आहे ते मोजण्यातच माझा जन्म गेला. अवघड आकडा समोर आला की अजून त्या ओट्यावर जाऊन बसावंसं वाटतं.

पण त्या शुक्रवारची दुपार सांगायची राहिली.

टँकरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो होतो. दोन्ही बाजूंना ऊस तोडणीला आलेला. खडकेवाडीत उतरून सोनाताई पुढे चालू लागल्या, गाव ओलांडून उतारावर. बायका दारात येऊन बघत होत्या. अध्यक्षीणबाई त्या वस्तीकडे पायी कधी गेल्या नसाव्यात.

शेवंता कांबळे अंगणात म्हैस धूत होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. आम्हाला बघून तिने हात थांबवला नाही.

"शेवंता," सोनाताई म्हणाल्या, "दुधात पाणी तुझं न्हवतं. डेअरीतच जात हुतं. मी चौकशी न करता तुझं दूध बंद केलं. चुकलं माझं."

"माझ्या डोळ्यानं गेलं ते पाणी, बाई," मामा म्हणाले. "मला दिसत न्हवतं, आणि मी सांगितलं न्हाई कुणाला."

माझी पाळी आली. "मला माहीत होतं," एवढंच म्हणाले. "चार दिवस माहीत होतं."

तिने म्हशीच्या पाठीवर बादली उपडी केली. चिंधीने हात पुसले. मग सरळ माझ्याकडे बघितलं.

"यंत्र तुझं का?"

"हो."

"दूध कुणाच्या घरचं हाय, ते कळतं का त्याला?"

"नाही," मी म्हणाले. "दूध किती आणि पाणी किती, एवढंच कळतं."

"बरं हाय," ती म्हणाली.

भिंतीशी तिची ॲल्युमिनियमची किटली पालथी घातलेली होती. चार दिवस वापर नव्हता, तरी घासून लख्ख. सोनाताई वाकल्या आणि त्यांनी ती उचलली. "उद्या सकाळी मी स्वतः येते न्यायला. तुला यायचीबी गरज न्हाई."

शेवंताने पुढे होऊन किटली त्यांच्या हातातून काढून घेतली. ओढून नाही, सावकाश.

"न्यायला येऊ नका," ती म्हणाली. "मीच येईन. रोजच्या टायमाला, रोजच्या रांगंत. तुम्ही फकस्त तिथं हुबं ऱ्हावा, आणि माझं दूध सगळ्यांच्या म्होरं वता."